जोहार, मॅडम प्रेसिडेंट!

एका खिडकीत स्टेटस कॉल, दुसऱ्या खिडकीत शपथविधी आणि मनात आनंद अन् शंका, दोन्ही फुल व्हॉल्यूमवर! २५ जुलै २०२२ च्या त्या सकाळबद्दल आणि नंतरच्या वाट पाहण्याबद्दल...

सोमवार, सकाळचे सव्वादहा. आपल्यासारख्यांच्या कॅलेंडरमध्ये ही वेळ राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलेली नसते. ही वेळ स्टेटस कॉलची. मागच्या आठवड्यात काय केलं, या आठवड्यात काय करणार, घोडं कुठे अडलंय... तुम्हाला काय सांगायचं! २५ जुलै २०२२ ला नेमक्या त्याच वेळी संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये द्रौपदी मुर्मू देशाच्या पंधराव्या राष्ट्रपती म्हणून शपथ घेत होत्या. सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा शपथ देत होते. आणि मी लॅपटॉपवर एकीकडे टीमचे झोपाळू चेहरे आणि दुसरीकडे आवाज बंद केलेला तो सोहळा लावून बसले होते.

पांढरी साडी, लाल-हिरवा काठ. त्या भाषणाला उभ्या राहिल्या तेव्हा मात्र राहवलं नाही. कॉलचा आवाज बंद केला आणि दिल्लीचा चालू केला. सुरुवातीलाच त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, ‘जोहार!’

अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू?

हा शब्द मराठी कानाला तसा नवा नाही. आपल्याला तो चोखोबांच्या अभंगांमुळे ठाऊक आहे. पण तिथला जोहार गावकुसाबाहेरच्या माणसाचा. वाकून, अंतर राखून केलेला. मध्य आणि पूर्व भारतातल्या आदिवासींचा जोहार म्हणजे एकमेकांना बरोबरीने केलेला नमस्कार. आपल्याकडे एके काळी जो शब्द खाली बघून उच्चारावा लागायचा, तोच शब्द देशाच्या सर्वोच्च पदावरची बाई ताठ मानेने म्हणते आणि समोर पंतप्रधानांपासून सगळे बसून ऐकतात... मला त्या मिनिटाला तरी बाकी काही नको होतं.

मग पाचच मिनिटांत मनातला दुसरा आवाज जागा झाला. हा आवाज तुमच्याकडेही असणार. नवीन बॉसच्या टाउनहॉलमध्ये टाळ्या वाजवताना जो कानात कुजबुजतो, तोच. ‘छान आहे गं सगळं. पण यातलं खरं किती आणि शोकेस किती?’

घरचं नाव, शाळेतलं नाव

आधी थोडा बायोडेटा बघू, कारण तो खरंच भारी आहे. जन्म २० जून १९५८, ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातलं उपरबेडा गाव. समाज संथाळ. कॉलेजात जाणारी गावातली पहिली मुलगी. मग सरकारी खात्यात कनिष्ठ सहायक, म्हणजे आपल्या भाषेत क्लार्क. पुढे रायरंगपूरला शाळेत शिक्षिका. १९९७ मध्ये नगरसेवक, २००० मध्ये आमदार, नंतर राज्यात मंत्री, २०१५ ते २०२१ झारखंडच्या राज्यपाल. मधल्या काही वर्षांत दोन तरुण मुलगे आणि पती एकापाठोपाठ गेले. सासरच्या घराच्या जागी त्यांनी निवासी शाळा सुरू केली. स्वतंत्र भारतात जन्मलेल्या त्या पहिल्या राष्ट्रपती. या बाईंच्या सीव्हीपुढे आपले लिंक्डइन प्रोफाइल म्हणजे निव्वळ टाइमपास.

पण मला सगळ्यात जास्त अडकवलं ते त्यांच्या नावाने. एका मुलाखतीत त्यांनीच सांगितलंय की त्यांचं घरचं संथाळी नाव होतं पुती. संथाळांमध्ये मुलीला आजीचं नाव देतात, म्हणजे ते नाव पुढे चालू राहतं. शाळेत बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या शिक्षकांना हे नाव पसंत पडलं नाही, म्हणून त्यांनी ते बदललं. मग कधी दुर्पदी, कधी दोर्पदी करत करत द्रौपदी. शाळा-कॉलेजात आडनाव टुडू, लग्नानंतर मुर्मू. शपथ घेताना जगाने ऐकलेलं नाव हे असं मास्तरांनी हजेरीपटावर लिहून ठेवलेलं!

मास कॉम करताना आम्ही महाश्वेतादेवींची ‘द्रौपदी’ ही कथा वाचली होती. तिची नायिकाही संथाळ, आणि तिच्या तोंडी स्वतःचं नाव ‘दोपदी’ असंच येतं. ही कथा ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या इंग्रजी ऑनर्सच्या अभ्यासक्रमातून काढली गेली. पुढच्या वर्षी एक खरीखुरी संथाळ द्रौपदी राष्ट्रपती भवनात राहायला गेली. आता सांगा, यावर नेमकं काय वाटून घ्यायचं?

उमेदवारी जाहीर झाली जून २०२२ मध्ये. त्यानंतरचा तो व्हिडिओ आठवतोय? रायरंगपूरच्या शिवमंदिरात मुर्मू पहाटे झाडू मारतायत. काय व्हायरल झाला होता! ‘केवढा हा साधेपणा’ म्हणत फॅमिली ग्रुपवर मला तो चार वेळा आला. मंदिर झाडणं ही त्यांची जुनी सवय, त्यात काही नाटक नव्हतं. खटकला तो आपला, म्हणजे फॉरवर्ड करणाऱ्यांचा आनंद. देशाच्या होऊ घातलेल्या राष्ट्रपतींचा आपल्याला सगळ्यात जास्त आवडलेला फोटो हातात झाडू घेतलेला असावा? आधीच्या कुठल्या राष्ट्रपतींचा असा फोटो आपण एवढ्या कौतुकाने पाठवला होता?

त्याच आठवड्यात दुसरी बातमी आली. त्यांच्या उपरबेडा गावातल्या डुंगुरीशाही या वस्तीत अजून वीजच नव्हती. बातम्या झळकल्या आणि खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर घेऊन माणसं धावत पोहोचली. म्हणजे गावची लेक आमदार झाली, मंत्री झाली, राज्यपाल झाली तोवर अंधार, आणि राष्ट्रपतिपदाची उमेदवार झाल्यावर लगेच लाइट. ही बातमी वाचून आनंद झाला की चीड आली हे मला आजही धड सांगता येणार नाही. वस्तीत दिवे लागले हे खरं. आणि अशा किती वस्त्यांमधून किती राष्ट्रपती शोधायच्या, हा प्रश्नही खराच.

‘आता तर तुमचीच सत्ता, यार!’

माझा एक मित्र पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टर आहे. मूळचा नंदुरबार जिल्ह्यातला, धडगावकडचा, पावरा समाजातला. त्या दिवशी संध्याकाळी मी त्याला उत्साहाने फोन केला, ‘बघितलंस का रे?’ तो म्हणाला, ‘बघितलं. आईने गावाहून तीनदा फोन केला. ती जाम खूश आहे.’

‘आणि तू?’

तो जरा थांबला. मग त्याने दुपारचा किस्सा सांगितला. चहाच्या ब्रेकमध्ये टीममधला एक जण पाठीवर थाप मारून म्हणाला होता, ‘आता तर तुमचीच सत्ता, यार! राष्ट्रपतीपण तुमच्याच. आता कोटा कशाला हवा?’ सगळे हसले. हाही हसला. बोलणारा काही दुष्ट माणूस नव्हे. डबा शेअर करणारा, पिकनिकचे पैसे गोळा करणारा, तुमच्या-माझ्या ऑफिसात असतो तसाच एक. पण मित्र म्हणाला, ‘सकाळी दहा वाजता मला वाटलं, आपलं कुणीतरी तिथं पोहोचलं. दुपारी चारला कळलं, त्याचं बिल माझ्या नावावर फाटणार आहे.’

यावर मला काही बोलता आलं नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा ९ टक्क्यांच्या वर होता. म्हणजे दर अकरा माणसांमागे साधारण एक. तुमच्या फ्लोअरवर मोजून बघा. मी माझ्या ओळखीतल्या चार ऑफिसांत मोजून पाहिलं, एका हाताची बोटंही पुरून उरली.

आणि शुभेच्छांच्या त्या पोस्ट्स! त्या दिवशी सोशल मीडियावर मिळेल त्या ब्रँडने ‘पहिली आदिवासी महिला राष्ट्रपती’ म्हणून अभिनंदन उरकलं. त्यातल्या काहींच्या कडेने वारली चित्रं नाचत होती. वारली म्हणजे आमचा पालघर, डहाणू. संथाळ म्हणजे ओडिशा, झारखंड, बंगाल. पण आदिवासी म्हटलं की गेरूवर पांढऱ्या रंगाची माणसं गोल फेर धरणार, हे आपल्या डिझायनर मंडळींच्या टेम्प्लेटमध्ये फिक्स आहे. मित्राने त्यातली एक पोस्ट मला पाठवली. खाली काहीच लिहिलं नव्हतं, फक्त एक हसरा चेहरा.

पंधरा वर्षांपूर्वीची अशीच एक २५ जुलै

२५ जुलैला राष्ट्रपतींनी शपथ घेण्याची पद्धत नीलम संजीव रेड्डींपासून, १९७७ पासून चालत आलीय. माझ्या आठवणीतली पहिली २५ जुलै २००७ ची. मी चौथीत होते. प्रतिभाताई पाटील देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या आणि आमच्या घरात सरळ दोन पक्ष पडले. आजी माहेरची जळगावची, प्रतिभाताई जळगाव जिल्ह्यातल्याच नाडगावच्या, त्यामुळे आजीने पेढे वाटले. बाबा मात्र कलामभक्त. ‘कलामांना दुसरी टर्म द्यायला हवी होती,’ हे पालुपद महिनाभर चाललं. पेपरात आरोप-प्रत्यारोप येत होते, ते बाबा मोठ्याने वाचायचे आणि आजी टीव्हीचा आवाज वाढवायची. शेवटी आजी एवढंच म्हणाली, ‘अरे, राष्ट्रपती म्हणजे पुरुषच, असं तुझ्या पोरीला तरी वाटायला नको.’ बाबा गप्प. मला तेव्हा फक्त पेढ्यात इंटरेस्ट होता, पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

राजकारण तेव्हाही होतंच की. शिवसेना एनडीएत असून मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंच्या मागे उभी राहिली होती, भैरोंसिंह शेखावतांना सोडून. २०१२ मध्ये तिने पुन्हा एनडीएची वाट सोडून प्रणव मुखर्जींना मतं दिली. आणि २०२२ मध्ये गंमत उलटी झाली. एनडीएबाहेर असलेल्या उद्धव ठाकरेंच्या सेनेने, सरकार कोसळून दोन आठवडे होत नाहीत तोच, एनडीएच्या उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला. प्रत्येक पक्षाने आपापला हिशोब मांडला होता. आदिवासी मतदार कुठे किती, विरोधक कसे फुटतील, वगैरे. एवढ्या हिशोबातून निघालेल्या निकालावर मी भोळेपणाने खूश व्हावं की नाही, हा माझा त्या सोमवारचा खरा प्रॉब्लेम होता.

शिवाय ही निवड तुम्ही-आम्ही केलेलीच नसते. मतदान करतात खासदार आणि आमदार. आमदाराच्या मताची किंमत राज्यागणिक वेगळी, आणि तीही १९७१ च्या लोकसंख्येवरून काढलेली! महाराष्ट्राच्या आमदाराचं एक मत १७५ चं, उत्तर प्रदेशचं २०८ चं, सिक्कीमचं फक्त ७ चं. मुर्मूंना ६,७६,८०३ मतमूल्य मिळालं, यशवंत सिन्हांना ३,८०,१७७. मॅच एकतर्फी झाली. जिच्यासाठी आपण बोटाला शाई लावली नाही, तिच्या भाषणाने आपल्या अंगावर काटा का यावा? पण आला.

‘प्लीज रिकन्सिडर’

या पदाला अधिकार किती, हे आपण नागरिकशास्त्रात वीस मार्कांपुरतं पाठ केलेलं असतं. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर राष्ट्रपतींची सही लागते, पण निर्णय मंत्रिमंडळाचा. समोर आलेला कायदा पटला नाही तर ‘प्लीज रिकन्सिडर’ म्हणून एकदा परत पाठवता येतो. संसदेने तोच पुन्हा पाठवला की सही करावी लागते. संपलं. म्हणून रबर स्टँप हा शब्द इतका चिकटलाय.

शपथविधीच्या रात्री मी मुर्मूंबद्दल जुनं जुनं वाचत बसले, आणि एका गोष्टीने माझ्या शंकेला पहिल्यांदा ब्रेक लागला. नोव्हेंबर २०१६ मध्ये झारखंडमधल्या भाजप सरकारने छोटानागपूर आणि संथाळ परगणा या दोन जुन्या कुळकायद्यांत बदल करणारी विधेयकं मंजूर करून घेतली. आदिवासींच्या शेतजमिनीचा बिगरशेती वापर सोपा करणारी. राज्यभर मोर्चे निघाले. राज्यपाल होत्या मुर्मू, म्हणजे भाजपमधूनच वर आलेल्या. त्यांनी २०१७ मध्ये ही विधेयकं परत पाठवली आणि सरकारला विचारलं की यात आदिवासींचा फायदा नेमका कुठे आहे? काही आठवड्यांत सरकारने माघार घेतली.

झाडूच्या व्हिडिओला मिळाले त्याच्या शंभराव्या हिश्शानेही या गोष्टीला लाइक्स मिळाले नसतील. पण मला विचाराल तर त्यांची ओळख करून देताना पहिलं वाक्य हेच असायला हवं होतं.

दुसरा ब्रेक लागला २६ नोव्हेंबर २०२२ ला. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचा संविधान दिनाचा कार्यक्रम, मंचावर सरन्यायाधीश चंद्रचूड आणि कायदामंत्री. राष्ट्रपतींनी लिहून आणलेलं इंग्रजी भाषण बाजूला ठेवलं आणि हिंदीत बोलायला लागल्या. विषय? तुरुंगात वर्षानुवर्षं सडणारी गरीब माणसं. कुणी कुणाला एक थप्पड मारली म्हणून आत गेलेली. घरचे सोडवायला येत नाहीत, कारण खटल्यात भांडी-कुंडी विकली जातील या भीतीने ते हादरलेले असतात. तुरुंग भरलेत म्हणून आणखी तुरुंग बांधायचे म्हणतात, मग हा विकास कसला, असंही त्यांनी विचारलं. आणि समोर बसलेल्या न्यायमूर्तींना सांगितलं की जे बोलले नाही तेही समजून घ्या.

मी तो व्हिडिओ ऑफिसच्या बसमध्ये बघितला आणि परत लावून बघितला. ही शोकेसमधली वस्तू नव्हती. क्लार्कची खुर्ची, शाळेचा वर्ग, गावातली भीती हे सगळं आतून माहीत असलेली बाई बोलत होती. काही दिवसांतच न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या खंडपीठाने जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी आत अडकलेल्या कैद्यांची माहिती राज्यांकडून मागवली. १ फेब्रुवारी २०२३ च्या बजेटमध्ये दंड किंवा जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब कैद्यांसाठी आर्थिक मदतीची घोषणा झाली. सगळं त्या एका भाषणामुळे घडलं असं मी म्हणणार नाही. पण सहीव्यतिरिक्तही त्या खुर्चीत काही करता येतं, एवढं दिसलं.

म्हणूनच मग अपेक्षा वाढल्या, आणि अपेक्षा वाढल्या की चिडचिडही आलीच. ३ मे २०२३ पासून मणिपूर पेटलं. कुकी आदिवासी आणि मैतेई, दोन्हीकडची माणसं मेली, हजारो बेघर झाली. संविधान दिनाच्या त्या आवाजात मणिपूरबद्दल काही ऐकायला मिळेल याची मी वाट बघत राहिले. त्याच महिन्यात, २८ तारखेला, नव्या संसद भवनाचं उद्‍घाटन पंतप्रधानांनी केलं. राष्ट्रपतींना का नाही बोलावलं म्हणून विरोधी पक्षांनी बहिष्कार घातला. बहिष्कारामागचं राजकारण बाजूला ठेवा. पण संसद ज्यांच्या नावाने बोलावली जाते त्या राष्ट्रपती तिच्या नव्या घराच्या पहिल्याच दिवशी तिथे नाहीत, ही फ्रेम मला टोचली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यातल्या डॉक्टर मुलीच्या खुनानंतर मुर्मू लेख लिहून उघड बोलल्या, ‘आता पुरे’ म्हणाल्या. बरं वाटलं. आणि लगेच मनात आलं, मग तेव्हा का नाही?

माझा मित्र यावर हसतो. ‘तुम्हाला पहिली बाई हवी, पहिली आदिवासी हवी, ती शांत हवी आणि तिने बोलायलाही हवं. कलामांकडून तुम्ही एवढं कुठे मागत होता? त्यांच्यावर तर नुसते खूश होतात.’ मुद्दा बिनतोड आहे. पण मला वाटतं, मागायला हवं. कुणाला नुसतं मिरवायचं असेल तर मागणं सोडून देतात. मला मिरवायचं नाहीये, म्हणून मी मागतेय. मुर्मूंची मुदत जुलै २०२७ पर्यंत आहे.

हा मित्र २०२३ च्या दिवाळीत गावी गेला होता. त्याच्या भाचीच्या आश्रमशाळेच्या ऑफिसात भिंतीवर आता मुर्मूंचा फोटो आहे. भाची सहावीत, गणितात हुशार, मामासारखी कमी बोलणारी. त्याने तिला सांगितलं की या फोटोतल्या बाईंचं घरचं नाव पुती, आणि शाळेत मास्तरांनी ते बदललं. भाचीला घरी ज्या नावाने हाक मारतात ते तिच्या हजेरीपटावर नाही. तिने विचारलं, ‘मग राष्ट्रपती झाल्यावर यांनी परत बदलून का नाही घेतलं?’

मित्राला उत्तर आलं नाही. रात्री त्याने मला मेसेज करून तेच विचारलं, आणि मलाही आलं नाही.